बरणीतल्या माद्या

३ एप्रिल २०२४, बुधवार

पतसंस्थेने जानेवारीत फुकट दिलेली ही डायरी तीन महिने कोरी पडली होती. मंजुळा म्हणाली, शेजारच्या पोरींना देऊन टाका, रांगोळीची नक्षी काढतील. मी दिली नाही. आज लिहायला बसलोय, कारण बोलायला माणूस नाही.

डायरीत आधी नाव लिहायचं असतं म्हणे. सुकदेव. धुळ्यातल्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर, चौतीस वर्षं. एकतीस मेला रिटायर. माझी खरी जन्मतारीख आईलाही ठाऊक नव्हती. साक्रीकडच्या आमच्या गावात गुरुजींनी अर्ध्या वर्गाला एक जून लावून टाकली, त्यात मीही.

आज विभागप्रमुख भूपेंद्र सरांनी बोलावलं. "सुकदेव, जाण्याआधी स्टोअररूम मोकळी करून द्या. दहा वर्षांपूर्वीचे नमुने कशाला जपायचे? यादी करा, शेरा मारा, खड्ड्यात पुरा. पंधरा मेपर्यंत."

शिडी लावून माळ्यावर चढलो. पिवळे पडलेले साप, फुगलेले बेडूक, नावं उडालेल्या बाटल्या. सगळ्यांच्या मागे कोपऱ्यात आमच्या घरची लोणच्याची बरणी. चिनी मातीची, वरून तपकिरी, खालून पांढरी. तोंडाला मीच बांधलेलं फडकं, त्यावर मेणबत्तीचं मेण. मंजुळाच्या आईने लग्नात दिलेली. दहा वर्षांपूर्वी मी तिला सांगितलं होतं की कॉलेजात नेली होती, हातातून सुटून फुटली. दर उन्हाळ्यात कैऱ्या आल्या की ती त्या बरणीच्या नावाने माझा उद्धार करते.

बरणी जागची हलवली नाही. यादीतही लिहिली नाही.

८ एप्रिल, सोमवार

आज नूतन मॅडम लॅबमध्ये आल्या. हातात एक छापील ईमेल. मॅडम आमच्या विभागात प्राध्यापक आहेत, आणि त्यांची पीएच.डी. समुद्रातल्या गोगलगायींवर आहे. शंख असलेल्या, खडकाला चिकटून राहतात त्या. धुळ्याला बसून समुद्राचा अभ्यास म्हणजे लोक हसायचे, पण मॅडमनी तो केला. वेचण्यापासून मोजण्यापर्यंत त्यांच्यासोबत मी होतो.

"सुकदेवभाऊ, कोकणातल्या एका कॉलेजातून किरण म्हणून प्राध्यापकांनी लिहिलंय. आपल्याच बंदराच्या धक्क्यावरून त्यांनी गोगलगायी घेतल्या. दहा माद्यांतल्या सहा माद्यांना नराचा अवयव फुटलेला आहे. बोटींच्या बुडाला जो विषारी रंग लावायचे ना, त्याचा परिणाम. तो रंग बंद झालाय कागदावर, पण गाळात अजून आहे. ते विचारतात, दहा वर्षांपूर्वी तर तो जास्त असणार, मग तुमच्या नमुन्यांत एकही अशी मादी कशी नाही?"

मी बीकर पुसत होतो.

"आपल्याकडे असं काही दिसलं होतं का?"

"नाही मॅडम," मी म्हणालो.

इतकं पटकन म्हणालो की माझं मलाच नवल वाटलं.

९ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली. मंजुळाने श्रीखंड केलं होतं. दोन चमचे खाल्लं आणि उठलो. म्हणाली, "तब्येत बरी शे ना?" मी म्हटलं, ऊन बाधलं.

१२ एप्रिल, शुक्रवार

लिहून टाकतो एकदाचं.

२०१४ साल. आम्ही वर्षातून तीनदा कोकणात जायचो. मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो हातात बादली घेऊन. ओहोटी लागली की खडकांवर वाकून गोगलगायी वेचायच्या, फॉर्मॅलिनमध्ये टाकायच्या, बाटल्या गोदडीत गुंडाळून एसटीने धुळ्याला आणायच्या. मग इथे एकेक शंख हातोडीने हलकेच फोडायचा आणि आतला जीव ताटलीत घ्यायचा. उजव्या शिंगामागे नराला अवयव असतो. असला तर नर. मादीच्या पोटात अंड्यांची कोशं तयार करणारी पिवळसर ग्रंथी असते. मॅडमनी रजिस्टरला रकाने आखून दिले होते: अनुक्रमांक, जागा, उंची, लिंग, शेरा.

पहिल्याच दिवशी नवव्या शंखात घोळ झाला. पोटात पिवळी ग्रंथी, म्हणजे मादी. आणि शिंगामागे नराचं. मी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं, भिंगाखाली घेतलं. दोन्ही होतं. पुढे तशा बऱ्याच निघाल्या. काहींचं पोट काळ्या दाण्यांनी गच्च भरलेलं. अंडी बाहेर यायची वाटच बुजून गेलेली, त्यामुळे कोशं आतल्या आत अडकून काळी पडलेली.

मॅडमना तेव्हा चौथा महिना होता. आधीचं एक पोटातच गेलं होतं. फॉर्मॅलिनच्या त्या वासात त्यांनी उभं राहावं हे मला पटेना. मीच म्हणालो, "तुम्ही इथे यायचं नाही. मी उघडतो, मी लिहितो, तुम्ही घरी रजिस्टर बघत जा." त्या नको नको म्हणत होत्या. मी ऐकलं नाही.

आता त्या रजिस्टरात मी काय लिहायचं? मी पन्नाशीचा बाप्या. ती लेकीच्या वयाची, पोटुशी. मादी, आणि तिला नराचं इतकं इतकं मिलिमीटर, हे मी तिने वाचायला लिहू? आणि शेऱ्याच्या रकान्यात, पिलं पोटातच मेली? माझा हात धजावला नाही. लिंगाच्या रकान्यात 'नर' लिहिलं. शेरा निरंक.

एकदा लिहिलं ते लिहिलं. पुढच्या वेळी हात आपोआप चालला. दोनशे चाळीस शंख फोडले, त्यात एकसष्ट वेळा मी हे केलं.

बाकीचे नमुने काम झाल्यावर मोठ्या बाटलीत एकत्र जायचे. या एकसष्ट तिथे टाकवेनात. एकेक मलमलच्या चिंधीत बांधली, पेन्सिलीने नंबर लिहिलेली चिठ्ठी आत घातली आणि वेगळी ठेवली. विभागात बाटल्या कमी पडल्या म्हणून घरची बरणी आणली. का वेगळ्या ठेवल्या ते आजही सांगता येत नाही. फेकवेना, एवढंच.

मॅडमना मुलगी झाली, मयुरी. बाळंतीण घरी बसून आकडे मांडत होती. मग त्यांचा पेपर छापून आला. त्यात लिहिलं होतं, नर जास्त, माद्या कमी, रंगाचा कसलाही दुष्परिणाम आढळला नाही. मॅडमनी अर्धा किलो पेढे आणले आणि पहिला माझ्या हातावर ठेवला. तो मी खाल्ला.

२० एप्रिल, शनिवार

नुसता पेपर असता तर मी गप्प बसून रिटायर झालो असतो. खोटं कशाला बोलू, डायरीत तरी?

पण आज मॅडम स्टाफरूममध्ये सांगत होत्या ते दारातून ऐकलं. त्या बंदरावर बोटी रंगवायचं आवार दुप्पट करायचं चाललंय. तीन जूनला लोकांची सुनावणी आहे. आवारवाल्यांच्या अहवालात मॅडमच्या पेपरातली ओळ जशीच्या तशी उतरवली आहे: दुष्परिणाम आढळला नाही. किरण सर म्हणतात, आमचे दहा नमुने तुमच्या दोनशे चाळीसपुढे कोण विचारणार?

मला तिथली एक कोळीण आठवली. ओहोटीला गोगलगायी वेचून बाजारात विकायची. मी बादली घेऊन फिरताना तिने मला हटकलं होतं. म्हणाली, "भाऊ, आधी या खडकांना खालून पिवळी अंडी लगडलेली असायची, कणसाला दाणे असतात तशी. बोटी रंगवायला लागले तशी दिसेनाशी झाली. तुम्ही शिकलेली माणसं, लिहा हे." मी हो म्हटलं होतं. धुळ्याला आल्यावर तेही लिहिलं नाही. ते लिहिलं असतं तर बाकीचंही लिहावं लागलं असतं.

आणि इकडे मॅडमवर वेगळंच बालंट. कोणीतरी वर पत्र टाकलंय की नूतन मॅडम बाळंतपणात घरी होत्या, नमुने उघडलेच नाहीत, आकडे घरी बसून बनवले. भूपेंद्र सरांनी तीन जणांची चौकशी समिती नेमली. मॅडमची बढती अडकली. सतरा मेला त्यांनी मूळ नमुने दाखवायचे आहेत.

मूळ नमुने मी पंधरा मेच्या आत पुरणार आहे.

२२ एप्रिल, सोमवार

मॅडम विचारत होत्या, जुन्या बाटल्या सापडतील का. म्हटलं, शोधतो. त्या म्हणाल्या, "तुम्ही आहात म्हणून मला धीर आहे, सुकदेवभाऊ."

च्यायला.

३० एप्रिल, मंगळवार

आज मी नालायकपणा करायला निघालो होतो.

भरदुपारी कॉलेज ओस असतं. मागच्या आवारात खड्डा तयार होता, साप-बेडूक आधीच पुरून झाले होते. माळ्यावरून बरणी उतरवली, पोटाशी धरली आणि खड्ड्याशी नेली. मनात म्हणालो, मोठी बाटली तेवढी समितीला दाखवायची. त्यात रजिस्टरप्रमाणे एकसष्ट नर कमी भरतील, तर म्हणू सडले, गळले, दहा वर्षं झाली. मॅडमवर संशय राहील पण नोकरी जाणार नाही. मी एकतीस तारखेला नारळ घेऊन घरी.

ओतायचं म्हणून फडकं सोडलं. वरचीच पुरचुंडी हाताला लागली. चिठ्ठी बाहेर डोकावत होती, 'धक्का, ३७'. माझं अक्षर. शाई विरते, पेन्सिल विरत नाही, म्हणून लॅबमध्ये नवीन पोरांना मीच शिकवतो की चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. काल लिहिल्यासारखं ताजं होतं.

खड्ड्याच्या कडेला किती वेळ बसलो कोणास ठाऊक. वॉचमनने विचारलं, "भाऊ, लोणचं का?" मी म्हटलं, "हो, जुनं झालंय." बरणी परत बांधली आणि जागेवर ठेवली.

१० मे, शुक्रवार, आखाजी

खान्देशात दिवाळीपेक्षा आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, मोठी. गल्लीत सगळ्यांच्या लेकी माहेरी आल्यात. प्रत्येकाच्या दारच्या झाडाला झोका, त्यावर पोरी-बायका, गाणी, खिदळणं. आमच्या देवपुरातल्या घरापुढे चांगला डेरेदार निंब आहे. त्याला झोका कधी बांधला नाही. कोणासाठी बांधायचा?

मंजुळाने सकाळी पितरांची घागर भरली. मोठ्या घागरीशेजारी एक चिमुकलं मडकं ठेवते ती, बत्तीस वर्षं. त्यावर रव्याच्या गोड सांजोरीचा छोटा तुकडा. आमचं १९९२ साली झालेलं मूल, जन्मतःच गेलेलं, त्याच्या नावाने. पुढे काही झालं नाही.

जेवताना ती म्हणाली, "आपला आंडोर जगता तं आज बत्तीस वरीसना व्हता. सून ऱ्हाती घरमा." मग बाहेरच्या झोक्याकडे बघत म्हणाली, "आंडेर व्हती तं आज झोकावर ऱ्हाती. पण देवनी आंडोर दिधा आन तोबी ली गया."

आमच्याकडे आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी. हे मी कशाला लिहितोय? डायरी वाचणार मीच.

१९९२ची गोष्ट इथे लिहायची नाही. पुरणपोळी आमरसात बुडवली आणि खाली मान घालून जेवलो.

१३ मे, सोमवार

सांगितलं.

सकाळी बरणी थेट मॅडमच्या टेबलावर ठेवली. मॅडम म्हणाल्या, "लोणचं? अहो, कशाला आणलंत?" मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही विचारलं होतं ना, तशा माद्या दिसल्या होत्या का. दिसल्या होत्या."

"किती?"

"एकसष्ट. मी नर लिहिल्या."

त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं. तुम्ही पोटुशी होतात, मला लाज वाटली, तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून. मला वाटलं होतं त्या रडतील, किंवा म्हणतील जाऊ द्या. त्या चिडल्या. इतकं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"माझ्या जागी पुरुष असता तर लिहिलं असतंत?"

मी विचार केला. "लिहिलं असतं."

"म्हणजे दहा वर्षं मला वाटत होतं, त्या लॅबमध्ये माझं संशोधन चाललंय. तुमच्या लेखी मी संशोधक नव्हतेच. नुसती एक पोटुशी बाई होते. तुमच्या कनवाळूपणाने मला खोटं ठरवलं, भाऊ. माझ्या नावावर तिथे समुद्रात विष ओतणार आहेत."

"माफ करा, मॅडम."

"माफी-बिफी नंतर. मीही दहा शंख स्वतःच्या हाताने उघडून बघायला हवे होते. नाही बघितले. तुमच्यावर सोडून निवांत झाले. ते माझं मी बघीन." बरणीवरच्या मेणावर त्यांनी बोट फिरवलं. "उद्या सकाळी साडेआठला. समितीला मी आजच कळवते, त्यांनीही येऊन बसावं. तुम्ही एकेक उघडायची आणि मोठ्याने सांगायचं. मी लिहिणार."

१४ मे, मंगळवार

भूपेंद्र सर आणि समितीतले तिघे खुर्च्या टाकून बसले होते. मॅडमनी नवीन रजिस्टर आखलं होतं. मी पहिली पुरचुंडी सोडली.

"धक्का, नऊ," मी म्हणालो. "मादी."

"पुढे?"

"तिला... ते आहे."

"ते म्हणजे काय? नाव आहे त्याला. बारावीच्या पुस्तकात आहे."

कानशिलं तापली. भूपेंद्र सर खिडकीबाहेर बघायला लागले. चौतीस वर्षं पोरांना बेडूक फाडून दिले मी, पण हा शब्द बाईमाणसासमोर कधी तोंडातून काढला नव्हता.

"शिश्न," मी म्हणालो. "साडेतीन मिलिमीटर."

"वाट?"

"बुजलेली."

"कोशं?"

"आत. काळी."

मॅडमनी शांतपणे चारही गोष्टी लिहिल्या. शेऱ्याच्या रकान्यात पहिल्यांदा काहीतरी उमटलं. "पुढची," त्या म्हणाल्या.

पहिल्या दहा-बाराला जीभ अडखळली. मग नाही. दुपारपर्यंत मी भाजीवाल्यासारखा सांगत होतो. लाज कुठे गेली कळलंच नाही. एवढीशी गोष्ट होती तर तेव्हा का जमली नाही?

१५ मे, बुधवार

आज उरलेल्या झाल्या. एक 'धक्का, ३७' होती. तिचं पोट सगळ्यात मोठं, कोशं इतकी गच्च की जागाच नाही. "वाट बुजलेली, आत काळी," एवढं म्हणालो आणि उठलो. बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं. परत आलो तर मॅडम बघत होत्या.

"काय झालं, भाऊ?"

"वास डोळ्यांत गेला."

"बसा जरा. घाई नाही," त्या म्हणाल्या. आवाज कालच्यापेक्षा मऊ होता. चौतीस वर्षांत त्या वासाने माझ्या डोळ्यांत कधी पाणी आलं नव्हतं, तेव्हा आजच का आलं, ते देव जाणे. बरणी बंद ठेवल्याने वास जोर धरत असेल.

एकूण माद्या एकशे तेवीस. त्यातल्या एकसष्ट अशा. शेचाळीस धक्क्याच्या, पंधरा खाडीच्या तोंडच्या, लांबच्या खडकांवरची एकही नाही. समितीने सह्या केल्या. भूपेंद्र सर जाता जाता म्हणाले, "सुकदेव, तुमच्यावर कारवाईचा प्रस्ताव मला पाठवावा लागेल." मी म्हटलं, "पाठवा सर."

२१ मे, मंगळवार

मॅडमनी जुना पेपर मागे घ्यायचं पत्र लिहिलं. मला वाचून दाखवलं. त्यात होतं, 'नमुने मी स्वतः तपासले नाहीत, जबाबदारी माझी आहे.' मी म्हटलं, "मॅडम, माझं नाव घाला. मी लिहिलं खोटं." त्या म्हणाल्या, "नाव आहे तुमचं. खाली वाचा." खाली होतं, 'मूळ नमुने श्री. सुकदेव यांनी जतन करून ठेवले, म्हणून ही दुरुस्ती शक्य झाली.'

"आणि खोटं कोणी लिहिलं ते?"

"तेही आहे. त्याच्या वरच्या ओळीत."

खरंच होतं. दोन्ही ओळी लागोपाठ. बढती या वर्षी नाही. पीएच.डी.चं काय करायचं ते विद्यापीठ ठरवेल म्हणे. मॅडमनी मला माफ केलं का, मला माहीत नाही. त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बरणी सील करून किरण सरांकडे गेली. एसटीने नाही, मॅडम स्वतः घेऊन गेल्या.

३१ मे, शुक्रवार

निरोप समारंभ झाला नाही. कारवाई प्रलंबित असलेल्याचा सत्कार कसा करायचा, असा प्रश्न पडला म्हणे. बरंच झालं. नाहीतर भाषणात कोणीतरी मला प्रामाणिक सेवक म्हटलं असतं.

लॅबच्या किल्ल्या दिल्या. पाच वाजता मॅडम आल्या. त्यांच्या हातात एक पेन्सिल होती, नवी, टोक केलेली. "ठेवा," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

१ जून, शनिवार

आज माझा कागदोपत्री वाढदिवस.

मंजुळा ओसरीवर कैऱ्या फोडत होती. अडकित्ता कचाकच चालला होता आणि तोंडही. "मन्हा मायनी बरणी ऱ्हाती तं पाच किलो बसतं. फोडी टाकी तुम्ही."

"फुटली नाही ती," मी म्हणालो.

अडकित्ता थांबला.

सगळं सांगितलं. समुद्र, रंग, माद्या, रजिस्टर, मॅडम. संपल्यावर म्हणाली, "त्या बठ्ठ्या माद्या व्हत्यात आन तुम्ही नर लिखी दिधं?"

"हो, सगळ्या."

"पिलं पोटमाच मरेल व्हतात म्हनीसन?"

"लिहवेना मला."

कैरीची फोड हातात तशीच. मग हळूच म्हणाली, "आन आपलं काय व्हतं?"

मला वाटलं होतं, हा प्रश्न मी मेल्यावरच कोणी विचारील. बाळंतपणाला ती गावी होती, तिथून जीपने धुळ्याला आणेपर्यंत सोळा तास गेले होते. मूल आडवं, वाट मिळेना. मंजुळा शुद्धीत नव्हती. नर्सने पांढऱ्या फडक्यातलं मला दाखवलं. नऊ महिने ही बाई म्हणत होती, मला आंडेरच होणार, आखाजीला निंबाला झोका बांधायचा. साक्रीच्या बाजारातून तिने दोरसुद्धा आणून ठेवला होता. शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं विचारलं, काय होतं? मला वाटलं, मुलगा सांगितला तर निदान झोका तरी मोडणार नाही हिच्या मनातला. कमी रडेल.

"आंडेर," मी म्हणालो. "आंडेर व्हती."

दोन आठवड्यांपूर्वी एकसष्ट वेळा खरं बोलायची सवय लागली होती म्हणून निघालं तोंडातून. नाहीतर निघालं नसतं.

मंजुळा उठली, आत गेली, दार लावून घेतलं. कैऱ्या मीच फोडल्या. वेड्यावाकड्या झाल्या.

५ जून, बुधवार

चार दिवस बोलत नाही. ताट वाढते, बाजूला ठेवते. मी म्हटलं, शिव्या दे. देत नाही. बत्तीस वर्षं तिने चिमुकल्या मडक्याशी मुलगा म्हणून सांजोरी ठेवली, आणि मी शेजारी उभा राहून हात जोडले. मी काय माणूस आहे!

संध्याकाळी मॅडमचा फोन. सुनावणीत आवारवाल्यांनी जुनी ओळ वाचली. मग मॅडमनी उभं राहून एकसष्टच्या एकसष्ट शेरे वाचून दाखवले. निकाल लागलेला नाही, पण पुन्हा तपासणी होणार. पुढच्या रांगेत कोळणी बसल्या होत्या म्हणे.

९ जून, रविवार

आज मंजुळा बोलली.

मी निंबाखाली खाट टाकून बसलो होतो. तिने कोठीच्या खोलीतून जुनी पत्र्याची पेटी ओढत बाहेर आणली, उघडली आणि तळातून दोर काढला. बत्तीस वर्षांचा. मला वाटलं होतं, कधीच कुठे वापरून गेला असेल. तो माझ्या मांडीवर टाकला.

"कशी व्हती?" तिने विचारलं. "केस व्हतात का?"

"होते. काळेभोर. कपाळावर चिकटलेले."

"नाक?"

"तुझं."

ती खाटेच्या कडेला बसली. डोळे पुसून म्हणाली, "सपना ठेवनार व्हतू मी नाव. येती आखाजीले झोका बांधा. मडकं नही ठेवनार मी आते."

"बांधतो," मी म्हणालो.

"आन तठे लिखा," डायरीकडे बोट करून ती म्हणाली, "मन्हा समोर लिखा."

तिच्यासमोर, मॅडमनी दिलेल्या पेन्सिलीने लिहितो आहे. १९९२. धुळे. मुलगी. नाव सपना. केस काळे, नाक आईचं. वाट मिळाली नाही.

दोर मोजला. साडेनऊ हात आहे. फांदी उंच आहे, थोडा कमी पडेल, पण जोड देता येईल.